फायनल झालेल्यांचं इंग्रजी

आमच्या खोऱ्यातून मुंबईला गेलेल्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं, असं सरसकट बोललं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. शब्द त्यांच्याकडं भरपूर होते. मे महिन्यात पाटणच्या स्टँडवर मुंबईकर उतरले की चार दिवसांत गावातल्या बायकांच्या तोंडीसुद्धा ते शब्द बसायचे. ‘मालक नाइटला हाईत.’ ‘औंदा बोनस तटलाय.’ ‘त्येंचा गेटपास काढून घेतला म्हनं.’ शिफ्ट, ओव्हरटाइम, लेऑफ, सस्पेंड, पीएफ. ‘चार्जशीट’ हा शब्द आमच्या आजीला नांगराइतकाच ओळखीचा होता, कारण तिच्या तीन पोरांपैकी दोघांना ती मिळालेली होती.

नव्हतं ते वाक्य. हे सगळे शब्द मराठी वाक्यात बसून गावाला यायचे. नाम कंपनीचं, क्रियापद आमचं. पण कंपनीचा कागद हातात आला की त्यातलं सगळं वाक्यच इंग्रजी, आणि ओळखीचे दोन-तीन शब्द त्यात जत्रेत हरवलेल्या पोरासारखे उभे. त्या कागदावर खाली सही मात्र मागितलेली असायची.

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांचा जन्म १९४० च्या आसपासचा. गावच्या शाळेत ते सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल झाले. त्या काळात ‘फायनल झालेला’ ही एक पदवीच होती. फायनल झालेला माणूस तलाठी व्हायचा, मास्तर व्हायचा, निदान गावची पत्रं तरी वाचून दाखवायचा. आबांचं अक्षर छापल्यासारखं, पावकी-निमकी तोंडपाठ. पण इंग्रजीचं एक अक्षर त्यांना शाळेनं दाखवलं नाही, आणि ह्यात दोष ना त्यांचा ना त्यांच्या मास्तरांचा.

गावच्या मराठी शाळेत इंग्रजी तसं कधीच नव्हतं. इंग्रजी शिकायचं तर चौथीनंतर तालुक्याच्या हायस्कुलात जायचं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं हायस्कूलच्या खालच्या वर्गांतूनही इंग्रजी काढलं. पाचवी ते सातवी मराठीत पाया पक्का करायचा आणि इंग्रजी आठवीपासून सुरू करायचं, असं ठरलं. विचार वाईट नव्हता. मी पुढं शिकवायला लागल्यावर तर मला तो बराचसा बरोबरच वाटला. पण तो विचार करणाऱ्यांनी धरून चाललं होतं, की पोरगं आठवीला जाईल. आमच्या गावापासून हायस्कूल चार कोस. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या शाळा डोंगरापर्यंत पोचायला अजून काही वर्षं होती. आबा आठवीला गेले नाहीत. ते मुंबईला गेले.

तिकडं मुंबईत वेगळंच चाललं होतं. १९५४ साली सरकारनं हुकूम काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि परदेशी वंशाची मुलं सोडून बाकीच्यांना नव्यानं घ्यायचं नाही. शाळा कोर्टात गेल्या, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं तो हुकूम रद्द ठरवला. ज्यांना कोर्टात जाता येत होतं त्यांच्या पोरांचं इंग्रजी अशा रीतीनं शाबूत राहिलं. खोऱ्यातल्या पोरांसाठी कोर्टात कोण जाणार? त्यांना तर आपल्याकडून काही काढून घेतलंय हेच ठाऊक नव्हतं. पुढं महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी परत पाचवीवर आलं, माझ्या वाट्याला ते तसंच आलं, आणि २००० सालच्या जूनपासून मराठी शाळांतही पहिलीपासून सुरू झालं. मधली पिढी राहून गेली ती गेलीच.

ह्या पिढीला मोठेपणी इंग्रजी कुणी शिकवायचं, ह्याचा विचार सरकारदरबारी झालेला मला कुठं दिसत नाही. मोठ्या माणसांना शिकवायची आपल्याकडची परंपरा मात्र जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगनं १९११ पासून गिरणगावात रात्रीचे वर्ग आणि वाचनालयं चालवली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. नंतर २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. त्यात वयाची अट पंधरा ते पस्तीस, आणि शिकवायची ती मातृभाषेतली अक्षरओळख. आबा तेव्हा अडतिशीत होते आणि मराठी वाचण्यात तर ते त्या वर्गाच्या मास्तरला मागं टाकतील असे. म्हणजे सरकारच्या हिशेबी ते साक्षर होते, काम संपलं होतं.

पण राहायचं घाटकोपरला आणि कामाला जायचं आग्रा रोडवरच्या कारखान्यात, तर निव्वळ मराठी साक्षरतेवर माणूस अर्धाच साक्षर राहतो. आग्रा रोड म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग. जुनी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी त्याच्या कडेनं कारखान्यांची रांग होती. उपनगरं मुंबईत आली तीसुद्धा उशिरा. १९५० ला हद्द अंधेरी-घाटकोपर गिळून जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. त्याआधी इकडं भातखाचरं, मिठागरं, गावठाणं. मरोळ, गोराई असल्या गावठाणांत ईस्ट इंडियन लोक पिढ्यान् पिढ्या शेती-मासेमारी करत होते. ती माणसं घरात मराठीचीच एक बोली बोलतात, पण चर्चच्या शाळांमुळं इंग्रजी त्यांच्या दारात आधी आलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. कंपनी सरकारच्या नोकरीशी नातं सांगणारं नाव. तीही आमच्यासारखीच गावची माणसं. एका बोलीच्या दोन गावांमध्ये एक हायस्कूल काय फरक पाडतं ते मरोळ आणि आमचं खोरं शेजारी ठेवलं की दिसतं.

घाटकोपरला डोंगराच्या अंगाला असल्फा, खाली चिरागनगर, पलीकडं भटवाडी. चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहायचे. वाटेगावचा माणूस, शाळा जवळजवळ नाहीच, आणि रशियापर्यंत जाऊन आलेला. आमच्या मंडळातले जुने लोक कुणी शिकायचा कंटाळा केला की त्यांचं नाव काढायचे. पूर्वेला पंतनगरात डॉक्टर दत्ता सामंतांचा दवाखाना. खाणीत दगड फोडणारे मजूर पेशंट म्हणून आले आणि त्यांच्यापायी डॉक्टर पुढारी झाले, हे घाटकोपरचं पोर सांगेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. त्यानंतर दोन-तीन वर्षांत परळ-लालबागच्या गाळ्यांतून उठून आमच्या तालुक्यातले कितीतरी लोक असल्फ्याच्या डोंगरावर आले. कुणी वॉचमन झाले, कुणी हातगाडीवर, कुणी आग्रा रोडच्या कारखान्यात टेंपररी.

आमच्या मंडळाचा इंग्रजीचा वर्ग त्याच सुमारास सुरू झाला. मंडळाची दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला भजनाच्या टाळ-मृदंगाची फळी, दुसरीला कोळशानं काळा केलेला प्लायवूडचा फळा. शिकवायला रेल्वेतून रिटायर झालेले एक कोकणातले क्लार्क. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. वह्या तपासायला आणि हजेरी मांडायला मला बसवलं, आणि पुढं मास्तर थकल्यावर वर्ग माझ्याकडंच आला. वेळ रात्री साडेआठ ते दहा, कारण पहिली पाळी पहाटे उठायची आणि दुसरी अकराला सुटायची. नाइटवाले जेवून, डबा घेऊनच यायचे. पुस्तक दोनच. मास्तरांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शिवण सुटलेली. आणि कुणीतरी स्टेशनाबाहेरून आणलेलं रॅपिडेक्स, ज्याची जाहिरात कपिल देव करायचा. तर्खडकरांच्या पुस्तकात शिस्त होती, रॅपिडेक्सात बँक आणि पोस्ट होतं. मास्तर शिस्त तिथली घेत आणि वाक्यं इथली.

अक्षरं शिकायला वेळ लागला नाही. खरं तर बऱ्याच जणांना ती येत होतीच. मावळ, खेड, जुन्नरकडचे डबेवाले डब्याच्या झाकणावरची अक्षरं वाचून लाखो डबे बरोबर पोचवायचे. ती अक्षरं भाषा म्हणून नाही, खूण म्हणून. आमच्यातलेही तसेच. लोकलच्या इंडिकेटरवर ‘ए’ म्हणजे अंधेरी, हे त्यांना चेहऱ्यासारखं ओळखू यायचं. बैलाच्या पाठीवरचा डाग ओळखावा तसं. त्या खुणा जोडून शब्द होतो हे कळायला चार आठवडे पुरले. नड सुरू झाली ती पुढं.

पहिली नड ‘यू’ची. मास्तरांनी फळ्यावर ‘यू’ लिहून तू, तुम्ही, आपण असे तिन्ही अर्थ सांगितले, तर मागं बसलेले एक मुकादम उठले.

“म्हंजी सायबाला बी यू आन् पोराला बी यू?”

“होय.”

“मंग त्यांच्यात थोरला कोन हे कळतं कसं?”

वर्ग हसला, पण मास्तरांनी हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, इंग्रजाकडं पूर्वी ‘तू’ होतं, त्याला ‘दाऊ’ म्हणत. ते त्यानं टाकून दिलं. ‘यू’ हे मुळात त्याचं ‘तुम्ही’. म्हणून आता इंग्रज कुत्र्यालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतो. मुकादमांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात सुपरवायझरला ‘यू’ म्हणून पाहिलं, आणि रात्री येऊन सांगितलं, “काय झालं न्हाई. आकाश काय पडलं न्हाई.” चाळीस वर्षं ‘साहेब, आपण’ म्हणण्यात गेलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल, ते ज्यानं वाकून बोलायची सवय अंगाला लावून घेतली आहे त्यालाच कळेल.

‘वी’ उलट अडायचं. आपल्याकडं ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही चाललो’ म्हटलं तर तू मागं राहिलास; ‘आपण चाललो’ म्हटलं तर तूही आलास. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘वी’. कारखान्याच्या नोटिशीत असायचं, वी रिग्रेट, वी रिक्वेस्ट. कुणीतरी विचारलं, ह्या ‘वी’त आपण आहोत का? मास्तरांनी नोटीस हातात घेऊन वरून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “ह्यात नाही.” त्या दिवसापासून वर्गात नवी नोटीस आली की आधी ‘वी’ शोधायचं आणि त्यात आपण आहोत का ते ठरवायचं, अशी पद्धतच पडली.

बाकीचं व्याकरण सगळ्यांना जड गेलं. ‘एस’ नावाच्या अक्षरानं तर छळ केला. नामाला तो लागला की अनेक झाले, आणि क्रियापदाला लागला की एकटा. हे उलटसुलट का, ह्याला उत्तर नव्हतं. ‘ए’ आणि ‘द’ तर शेवटपर्यंत कुणाला नीट जमले नाहीत. मराठीत ते नाहीतच, त्यामुळं न लावण्यात काही चुकतंय असं कानाला वाटतच नाही. मास्तर म्हणायचे, ते राहू दे, क्रियापद कुठं आहे ते आधी बघा. आपलं क्रियापद शेवटी येतं, ते येईपर्यंत माणूस दम धरतो. इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येतं आणि मग लांबच लांब शेपूट. खरी गोम त्या शेपटात असते. कागद वाचताना शेपूट सोडायचं नाही.

हे शेपूट १९९६ साली कामाला आलं.

आग्रा रोडच्या कारखान्यांना तेव्हा उतरती कळा लागलेली. जमिनीचा भाव यंत्राच्या भावाच्या कितीतरी पुढं गेला होता. आबांच्या कारखान्यात, नाव सांगत नाही, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ‘व्हीआरएस’ हा शब्द गावापर्यंत पोचला आणि लोक विचारायला लागले, किती मिळाले? कागद दोन पानी, सगळा इंग्रजी, सही करून आठ दिवसांत परत द्यायचा.

इथं कायद्याचं थोडं सांगायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम १०८ सांगायचं, की ह्या कायद्याखाली लावायच्या नोटिशी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत हव्यात. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही फाटकाजवळच्या फळ्यावर दोन्ही भाषांत मजकूर लावायची सक्ती होती. म्हणजे भिंतीवरचा कागद मराठीत मिळण्याचा हक्क कामगाराला होता. त्याच्या एकट्याच्या हातात दिलेल्या, त्यानं सही करायच्या कागदाबद्दल ह्या दोन्ही तरतुदींत अवाक्षर नव्हतं. मला ह्या कायद्यांतली ही फट फार बोलकी वाटते.

तो कागद आबांनी वर्गात आणला. आम्ही तीन रात्री तो वाचला, एका रात्री दोन-अडीच परिच्छेद. ‘व्हॉलंटरी’ म्हणजे स्वेच्छेनं, हे लिहून घेताना एकजण म्हणाले, “इच्छा कुनाची, ते ल्हिवलंय का?” ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ वाचल्यावर आबा हसले. फायनल हा त्यांचा आयुष्यातला मानाचा शब्द. तिसऱ्या रात्री दुसऱ्या पानावर रकमेचं वाक्य आलं. क्रियापद सापडलं, रक्कम सापडली, आणि शेपटात दोन शब्द होते: इन्क्लुझिव्ह ऑफ. पुढं ‘ग्रॅच्युइटी’. ग्रॅच्युइटी सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळं तो शब्द दिसला तसा सगळ्यांना बरं वाटलं; ग्रॅच्युइटी देणार म्हणतायत. ‘इन्क्लुझिव्ह’ डिक्शनरीत काढला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. धरून. म्हणजे वेगळी मिळणार नव्हती. मोठा दिसणारा आकडा तिला पोटात घेऊनच मोठा झाला होता.

ग्रॅच्युइटी म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. १९७२ च्या कायद्यानं ती देणं भाग होतं. नोकरीच्या दर पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. मूळ पगार आणि महागाई मिळून शेवटचा पगार ३,९०० रुपये धरा. सव्वीसनं भागले की दिवसाचे १५०. पंधरा दिवसांचे २,२५०. आबांची नोकरी ३३ वर्षं. ७४,२५० रुपये. हे गणित आबांनी तोंडी केलं, फायनलच्या पावकी-निमकीवर. त्यात कुणाला इंग्रजी लागलं नाही. लागलं ते फक्त दोन शब्दांपुरतं.

दुसऱ्या दिवशी आबा आणि आणखी दोघं ऑफिसात गेले. आबांनी म्हणायचं वाक्य वर्गात घोटून घेतलं होतं. ‘सर, यू से इन्क्लुझिव्ह. ग्रॅच्युइटी इज सेपरेट बाय लॉ.’ एवढंच. ऑफिसातल्या साहेबानं मराठीत उत्तर दिलं, “तुम्हाला कुणी सांगितलं हे?” आबा म्हणाले, “आय रेड.” हे सांगताना ते दर वेळी त्या ‘रेड’वर थांबायचे, कारण लिहिताना ते ‘रीड’सारखंच दिसतं आणि म्हणताना वेगळं, आणि त्यांनी ते बरोबर म्हटलं होतं.

पुढं जे झालं ते विजयबिजय नव्हतं. युनियनच्या वकिलानं त्याच कायद्याचं कलम १४ दाखवलं. त्यात लिहिलं होतं की ह्या कायद्याशी विसंगत असा दुसरा कुठलाही करार असला तरी हा कायदाच वरचढ राहील. दोन महिन्यांनी नवा कागद निघाला, त्यात ग्रॅच्युइटीची ओळ वेगळी होती. आबांनी त्यावर सही केली, इंग्रजीत, आणि गावाला गेले. पण ज्यांनी पहिल्या आठवड्यात पहिल्याच कागदावर सह्या केल्या होत्या, त्यांना कंपनी म्हणाली, तुमचं फायनल झालं. त्यांच्यातले काही जण पुढं कित्येक वर्षं तारखांना जात राहिले. दोघं तारखा चालू असतानाच वारले. त्यातला एक आमच्या भावकीतला. त्याची खोली वर्गाच्या खोलीपासून चार दारं सोडून होती आणि तो एकदाही वर्गाला आला नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डबल ड्यूटी करून आलेला माणूस आडवाच होणार.

कारखाने गेले तसा पुरुषांचा वर्ग पातळ होत गेला. आग्रा रोडवर मॉल उभे राहिले. अंधेरीला सीप्झ १९७३ पासून होतंच, आता त्याच्या आसपासच्या एमआयडीसीत काचेच्या इमारती आल्या, आणि आमच्या तालुक्यातली पोरं त्यांच्या फाटकावर गणवेश घालून उभी राहिली. त्यांना रजिस्टर लिहिण्यापुरतं इंग्रजी लागायचं, ते ती पोरं शाळेतूनच घेऊन यायची. ज्यांना बोलायचं होतं त्यांच्यासाठी स्टेशनाबाहेर फी घेऊन स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले. रात्रशाळा अजून आहेत, त्यांत काम करून दहावीला बसणारी मंडळी अजून येतात, आणि मासूमसारखी संस्था २००८ पासून त्यांना हात देते आहे. मे २०१७ मध्ये मात्र सरकारनं निर्णय काढून दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केलं. दुबार नोकरी नको हे म्हणणं कागदावर ठीक आहे. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला कसं शिकवायचं हे ज्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीनं कळलेलं होतं, तेच एका फटक्यात गेले.

आमच्या खोलीत त्याच काळात बायका आल्या. आधी दोघी, मग अकरा. पुरुष कंपनीच्या कागदापायी आले होते, ह्या आल्या नातवंडांच्या डायरीपायी. पोरं इंग्रजी माध्यमात घातलेली, आई-बाप दोघं कामाला, घरी आजी. शाळेच्या डायरीत बाई रोज काही ना काही लिहून पाठवणार, आणि ते वाचायला घरात कुणी नाही. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगड्यांतल्या आज्या पाटी घेऊन बसलेल्या, त्यांचे फोटो सगळीकडं आले. त्या आज्या मराठी अक्षरं शिकत होत्या, पोथी वाचायला, सही करायला. आमच्या घाटकोपरच्या आज्यांना पोथी वाचता येत होती. त्यांचं घोडं ‘काइंडली’पाशी अडलं होतं.

बायका पुरुषांपेक्षा भराभर शिकल्या, हे मी हजेरीच्या वहीवरून सांगतो. एक तर त्या चुकायला लाजायच्या नाहीत. दुसरं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी गारोडियानगरात आणि मुलुंडच्या सोसायट्यांत घरकामाला जायच्या, आणि तिथं मालकिणी फोनवर इंग्रजीत काय बोलतात ते कानावर पडून त्यांच्याकडं आख्खी वाक्यं तयार होती. फक्त ती कुठून तोडायची ते माहीत नव्हतं. मास्तरांच्या पद्धतीनं क्रियापद शोधायला सांगितलं की त्या ‘आयलकॉल्यूलेटर’सारखा लांबलचक आवाज बरोबर तीन-चार जागी मोडायच्या. मला ह्याची गंमत वाटायची. पुरुषांकडं सुटे शब्द होते आणि वाक्य नव्हतं. ह्यांच्याकडं वाक्यं होती आणि शब्द सुटे करायचे होते.

त्यांच्यातल्या एक मावशी पाटणच्याच, माझ्या आईच्या गावच्या. चौथी पास. सून दवाखान्यात आया, मुलगा ड्रायव्हर. नातवाच्या डायरीवर त्यांनी सही केली आणि खाली कंसात ‘ग्रँडमदर’ लिहिलं, हे आम्हीच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी डायरी परत आली. वर्गबाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, पॅरेंट टू साइन. मावशी त्या रात्री वर्गाला आल्या नाहीत. आल्या त्या पुढच्या दिवशी, आणि डायरी उघडून माझ्यापुढं ठेवली. तपासा म्हणून नव्हे, दाखवायला. लाल शाईच्या खाली त्यांनी निळ्या पेनानं, कुणाला न विचारता, लिहिलं होतं: पॅरेंट इज ऑन ड्यूटी. आय अ‍ॅम हियर.